उंच पायांची बाज

गुडघा काढून त्या जागी नवा बसवता येतो, हे तुम्ही दोघांनी मला फोनवर समजावून सांगितलंत. मी नीट ऐकून घेतलं. इथल्या डॉक्टरांनाही विचारीन. पण बोलता बोलता धाकटीने विचारलं, "आजी, मग पूर्वी लोक काय करायचे गं?" त्याचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

पूर्वीच्या सगळ्या लोकांचं मला माहीत नाही. माझ्या सासूबाईंचं तेवढं माहीत आहे.

लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, सुरू व्हायच्या थोडं आधी लग्न होऊन मी त्या घरात गेले. गाव नंदुरबारपासून छकड्याच्या वाटेवर, तापीच्या काळ्या मातीतलं. माझे वडील धुळ्याला शिक्षक. त्यांनी मला हौसेने मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं. सासरी सगळे अहिराणी बोलत. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून सासूबाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, "वहू बोलस का पोथी वाचस?" पण हसताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, म्हणून मला राग आला नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे.

तुमचे आजोबा नंदुरबारच्या कचेरीत कारकून होते. शनिवारी संध्याकाळी सायकलवर घरी येत आणि सोमवारी पहाटे जात. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात कर्ता पुरुष म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, आत्याबाईंचे जेठ. त्यांना सगळं गाव मोठे आबा म्हणायचं. त्यांची बायको कधीच वारली होती. ते दिवसभर ओसरीत बाजेवर बसून असत. तिथून त्यांना अंगण, गोठा आणि रस्ता दिसे, आणि मान वळवली तर स्वयंपाकघराचं दार.

आता त्या घराची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जेठासमोर बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा. त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांच्या बरोबरीच्या किंवा उंच आसनावर बसायचं नाही. ते घरात येताना दारात खाकरत. खाकरणं ऐकू आलं की बायकांनी हातातलं काम टाकून उठायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि ते न्हाणीत हातपाय धुऊन परत जाईपर्यंत उभं राहायचं. मोठे आबा शेतकरी माणूस, बाजेवरून उठून गोठ्यात नाहीतर अंगणात काहीतरी करत, हात सतत मातीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते न्हाणीकडे किती चकरा मारत, देव जाणे. तेवढ्या वेळा आत्याबाई चुलीपुढून उठत आणि पुन्हा बसत. नव्या नवरीपासून म्हातारपणापर्यंत त्यांनी हेच केलं होतं. इतक्या वर्षांत त्या जेठाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर दोघंही भिंतीला सांगत, आणि ऐकायचं त्याने ऐकावं.

माझ्यासाठी मात्र रीत थोडी सैल झाली होती. लढाईच्या बातम्या ऐकायची आबांना फार ओढ. वर्तमानपत्र वाचून दाखवणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून मोठ्याने वाचायची आणि ते ओसरीतून ऐकायचे. त्या वाचनामुळे दोघांमधले निरोप माझ्याकडे आले.

आत्याबाईंचे गुडघे माझ्या लग्नाआधीपासूनच कुरकुरत होते. डावा जास्त. उठताना त्या दात आवळून जमिनीवर हात टेकत आणि "अय माय" म्हणत. शेजारणी त्यांना चिडवत, "आक्का, आते उठाले बैल जोडना पडतीन." त्या म्हणत, "मन्हा गुडघा दुखतस, तोंड नही दुखत. जोडशील तं जोड." पण एकदा तांदूळ निवडताना त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. माहेर लोणखेड्याचं. आईचे गुडघे असेच आखडत गेले, आणि शेवटी ती अंगणात बसल्या बसल्या हातांवर सरकत फिरायची. लुगडं मागून फाटायचं. पोरं मागे लागायची. "मरन येऊ दे," आत्याबाई म्हणाल्या, "पन माले तशी घसरती नको करू, देवा." तांदळातला खडा शोधत त्या हे बोलल्या, माझ्याकडे न बघता. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी मात्र विसरले नाही.

घरचे उपाय झालेच. एरंडाची पानं गरम करून बांधली. तिळाचं तेल चोळलं. मग सातपुड्याच्या पायथ्याला माहेर असलेल्या शेजारणीने बिब्बे आणून दिले. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल निघेल त्याचा बारीक ठिपका लावायचा, असं तिने बजावलं होतं. आत्याबाईंना ठिपक्यावर विश्वास नव्हता. त्यांनी गुडघाभर फासलं. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला, कातडी लाल होऊन फोड आले. मग खोबरं चावून लाव, तीळ वाटून लाव, असं चाललं. मी विचारलं, "आता कसं वाटतंय, आत्याबाई?" त्या म्हणाल्या, "बरं शे. गुडघा नही दुखत. आते कातडं दुखस."

फोड वाळल्यावर तुमचे आजोबा आम्हाला नंदुरबारला डॉक्टरांकडे घेऊन गेले. शहराबाहेर शेतांत मिरच्या वाळत पसरल्या होत्या. छकडा त्यांच्यामधून जाताना तिघेही शिंकत होतो, आणि प्रत्येक शिंकेला आत्याबाईंचा गुडघा दुखत होता. डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. आत्याबाईंना स्टुलावर बसवून त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला आणि पाय हळूहळू लांब करायला लावला. वाळूवर पाय पडावा तसा आवाज मलाही ऐकू आला. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर ते खुशीत येऊन बराच वेळ इंग्रजीतच बोलले. बाहेर येताच आत्याबाई म्हणाल्या, "इंग्रजीमा सांगं म्हनजे मोठा रोग व्हई."

रोग मोठा नव्हता, पण जाणाराही नव्हता. हाडांच्या मधली गादी झिजली आहे, ती परत भरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुंबईला मोठ्या दवाखान्यात सांधा कापून पाय कायमचा ताठ करतात, तेही क्वचित. हे सांगितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "ताठ पाय घीसन मी काय जलमभर उभी ऱ्हाऊन तोरन बांधू?" चाकूचा विषय तिथेच संपला. डॉक्टरांनी सांगितलेले उपाय साधे होते. वजन थोडं उतरवायचं. वाळूचा शेक घ्यायचा. मांडीचं बळ वाढवायचं, म्हणजे गुडघ्यावरचा भार मांडी उचलेल. काठी घ्यायची, तीही दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे उकिडवं बसायचं नाही, जमिनीवरून उठबस करायची नाही, स्टुलावर बसायचं. हे ऐकलं नाही तर काय होईल, ते त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मी त्याचं भाषांतर केलं नाही. आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

तुमच्या आजोबांनी त्याच दिवशी बाजारातून एक भक्कम स्टूल घेतलं. घरी येऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. आत्याबाई त्याच्याकडे बघत जमिनीवर बसल्या.

स्टुलाची उंची आणि आबांच्या बाजेची उंची सारखीच होती. म्हणजे स्टुलावर बसणं ही जेठाची बरोबरी. तुमच्या आजोबांनी ओसरीत जाऊन आबांना सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "मंग बठू दे ना. मी कोठे नही म्हनस?" आजोबा विजयी चेहऱ्याने आत आले. आत्याबाईंनी विचारलं, "जेठ म्हनतस बठ, म्हनजे मी बठू का? उद्या त्या म्हनतीन गावमा नाच, तं नाचू?" आजोबा सोमवारी सायकलवर बसून कामावर निघून गेले. पुरुषांना कचेरी असते, हे त्यांचं भाग्य.

आबांनी मग स्वतःच्या डोक्याने एक उपाय केला. एका सकाळी पाहते तर बाज रिकामी, आणि आबा खाली घोंगडीवर मांडी घालून बसलेले. मला वाटलं गोधड्या उन्हात टाकल्या असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर मी दाराआडून विचारलं, "आबा, बाजेला काही झालं का?" ते म्हणाले, "बाज तिले देई टाक. मी खाले बरा शे. आसन मोकळं व्हयनं."

मनाने मोठा माणूस. पण आपण खाली बसल्यावर आत काय झालं ते त्यांना दिसत नव्हतं. जेठ बाजेवर असत तेव्हा आत्याबाईंना निदान जमीन होती. आता जेठच जमिनीवर. त्यांच्याहून खाली बसायचं तर घरात तळघर नव्हतं. आत्याबाई दिवसभर उभ्या राहू लागल्या. भाजी उभ्याने, धान्य निवडणं उभ्याने, सूप फळीवर ठेवून. संध्याकाळी दोन्ही गुडघे मडक्यांसारखे सुजत. आणि तिकडे ओसरीत आबा, ज्यांनी आयुष्यभर बाज सोडली नव्हती, ते चार दिवस मांडी घालून बसले आणि त्यांचेही गुडघे धरले. मी चुलीवर तव्यात वाळू तापवून एक पिशवी आत आणि एक बाहेर पाठवू लागले. दोघेही एकमेकांच्या मानासाठी दुखणं काढत होते, आणि दोघांनाही मधे मी सोडून दुसरं दार नव्हतं.

शेवटी आत्याबाईच वैतागल्या. "त्यासले सांग, वर बठा. नही तं मी उभीच मरसू."

दुसऱ्या दिवशी बातम्या वाचून झाल्यावर मी घसा साफ केला. "आबा, आत्याबाई म्हणतात, आपण बाजेवर बसावं."

"आन् ती कोठे बठी?"

"खाली."

"मी खाले शे तवय?"

"तेव्हा त्या बसतच नाहीत. उभ्या असतात."

मी वर्तमानपत्राची घडी घालत होते. मग आबांचा आवाज आला, सावकाश, बैलाच्या पायातला काटा शोधावा तसा. "म्हनजे मी अजून वर गयाबिगर ती वर येवाव नही."

मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. ती निघाली होती. पाखरं राखायला शेतात लाकडी माच उभा करतात, तो आता नुसताच उभा होता. आबा त्या दुपारी काठी घेऊन शेताकडे गेले. संध्याकाळी गाडीत माचाचे चारही बाभळीचे पाय पडलेले. सुताराला बोलावून त्यांनी जुन्या बाजेचे पाय काढायला लावले आणि हे उंच पाय ठोकून घेतले. सुतली स्वतः ओढून घट्ट केली. बाज उभी राहिली तेव्हा माझ्या छातीपर्यंत आली. चढायला पायऱ्या म्हणून दगड रचून त्यावर जुन्या फुटक्या जात्याची तळी ठेवली. आबा त्यावर पाय देऊन वर गेले, मधोमध बसले आणि सगळं गाव लहान मुलांसारखं बघायला आलं.

"आबा, वावरमाना माच घरमा लई उनात का?" कोणीतरी विचारलं.

"घरमाबी चिड्या शेतस," आबा म्हणाले. "राखन लागस."

दुसरा म्हणाला, "रातले पडशात ना."

"पडनू तं तुन्हा अंगवर पडसू. तू खालेच ऱ्हाय."

खरं कारण त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. ओल लागते, विंचू येतात, असं म्हणत राहिले. पण त्या दिवसापासून त्यांनी आणखी एक केलं. सकाळी बाजेवर चढले की जेवणापर्यंत उतरेनात. हात धुवायला पाणी अंगणातच मागवू लागले. दारातलं खाकरणं जवळजवळ बंद झालं. घरात एकदम शांत वाटायला लागलं, पाखरं उडून गेलेल्या झाडासारखं.

आत्याबाईंनी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी पदर पुढे ओढून त्या दाराच्या आत स्टुलाच्या कडेवर टेकल्या, अशा की कोणी ओरडलं तर लगेच उठता यावं. मला म्हणाल्या, "दख व, मन्हं डोकं बाजना खाले शे का?"

मी दारात उभी राहून डोळ्यांनी माप घेतलं. आबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते, मान जरा जास्तच ताठ. "आहे, आत्याबाई. चांगलं खाली आहे."

तेव्हा त्या पूर्ण बसल्या. त्यांनी सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर घराची कामं आम्ही नव्याने वाटून घेतली. चूल माझ्याकडे. निवडणं, पाखडणं, ताक घुसळणं, आणि मला सूचना देणं त्यांच्याकडे. शेवटचं काम त्यांनी सगळ्यांत मन लावून केलं. काठीचाही घोळ झाला. डावा गुडघा दुखरा, म्हणून काठी उजव्या हातात, आणि पदर ओढायलाही उजवाच हात लागे. आबा दिसले की त्या पदर धरत आणि काठी सोडून देत. मी पदराला सेफ्टी पिन लावून दिली. ती त्यांना इतकी आवडली की शेजारणींनाही दाखवून आल्या.

मांडीच्या व्यायामाची अडचण वेगळीच होती. तापीच्या वाळूची लहान पिशवी घोट्याला बांधायची, स्टुलावर बसायचं आणि पाय सरळ समोर उचलून धरायचा. पण समोर म्हणजे कोणाकडे? ओसरीकडे जेठ. आतल्या भिंतीला देव. एका कोपऱ्यात चूल, म्हणजे अग्नी. दुसरीकडे धान्याची कणगी, म्हणजे लक्ष्मी. पाय कोणाला दाखवायचा? मी स्टूल फिरवत होते आणि त्या प्रत्येक दिशेला मान हलवत होत्या. शेवटी मागच्या दारातून गोठा दिसायचा तिकडे तोंड केलं. तिथे फक्त म्हैस होती. आत्याबाईंनी पाय उचलला आणि म्हणाल्या, "राग नको मानू व माय. डॉक्टरनं सांगेल शे." म्हैस रवंथ करत बघत राही. पुढे पुढे ती वेळ झाली की आत्याबाईच म्हणत, "चाल, म्हैसले पाय दखाडी येऊ."

गुडघे बरे झाले असं मी लिहिणार नाही. झिजलेलं भरून आलं नाही. पावसाळी हवेत ते दुखतच. पण सूज उतरली, मांडीत जोर आला आणि पुढच्या दिवाळीत लोणखेड्याला भावाकडे गेल्या तेव्हा छकड्यातून त्या स्वतः उतरल्या. दारातल्या बायकांना काठी दाखवत म्हणाल्या, "नवरी मी, ही करवली शे."

ती वर्षं मला फार प्रिय आहेत. सकाळचं ऊन ओसरीत यायचं. उंचावर आबा, उंबऱ्याच्या आत स्टुलावर आत्याबाई, त्यांच्याजवळ जमिनीवर मी, हातात वर्तमानपत्र. तिघं तीन उंचींवर, आणि कोणाचा मान कुठे अडत नव्हता. जर्मनी, जपान, सिंगापूर ही नावं ताकाच्या घुसळणीत मिसळून जायची. बातमी वाईट असली की रवी थांबायची, आणि आत्याबाई भिंतीला विचारत, "तठल्या बाया कशा करतस व्हतीन?" बाजेवरून उत्तर यायचं, तेही भिंतीलाच.

लढाई संपली. स्वातंत्र्य आलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आबा आजारी पडले. बाजेवर चढणं जमेना, आणि वरून पडतील या भीतीने आम्ही ओसरीत जमिनीवर अंथरूण घातलं. त्या सकाळी मी पेज घेऊन बाहेर आले तेव्हा आत्याबाई नेहमीप्रमाणे स्टुलावर बसायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या. काठी टेकत सरळ ओसरीत आल्या. जेठ असताना त्या ओसरीत आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"माले खाले बठाड," त्या मला म्हणाल्या.

"आत्याबाई, खाली बसायचं नाही, डॉक्टरांनी..."

"डॉक्टर माले माहीत शे. बठाड."

आबांचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "वहू, तिले सांग, वरच बठ."

आत्याबाई म्हणाल्या, "त्यासले सांग, वर आते कोनी नही. मी कोनाखाले बठू?"

हाताच्या अंतरावरून दोघे माझ्याशी बोलत होते. मी कोणालाच काही सांगितलं नाही. आत्याबाईंच्या काखेत हात घालून त्यांना हळूच खाली टेकवलं. गुडघे वाजले. पाय त्यांनी एका बाजूला वळवून घेतले, आबांकडे नाहीत. पेजेची वाटी त्यांनी हातात धरली आणि मी चमच्याने आबांना भरवलं. पेज संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. चेहऱ्यावर घाम आला होता.

वाटी रिकामी झाल्यावर मी त्यांना उठवायला वाकले. त्यांनी माझा हात बाजूला सारला. "थांब. दखू दे."

एक हात जमिनीवर टेकला. दुसऱ्याने काठी उभी धरली. दुखऱ्या पायाची टाच मागे घेतली. मांडी ताठ झालेली लुगड्यातूनही दिसत होती. मधेच त्या थांबल्या, आणि मला वाटलं आता बसतील. मग काठीवर भार टाकत सावकाश वर आल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

आबांनी डोळे उघडले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "उठनी का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच आत्याबाई पदराआडून थेट आबांना म्हणाल्या, "उठनू."